म्हैस हंबरत नाही

उल्हासनगर – ४
दि. ११ जून २००७

आदरणीय द्रौपदीअक्कास,
धाकट्या भगवानचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे सगळे ठीक. तुझे गुडघे काय म्हणतात ते आधी कळव. उल्हासनगर आणि बदलापूर यांच्यामध्ये एक अंबरनाथ तेवढं आहे, आणि तरी आपण दोघं पोस्टाने बोलतो म्हणून प्रमोद हसत असेल. हसू दे तुझ्या लेकाला. फोनवर तू बोलतेस तेव्हा मला नुसतं पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखं वाटतं. मग माया माझ्या हातातून फोन घेते, दहा मिनिटं तुझ्याशी बोलते आणि मला पाटीवर लिहून दाखवते, ‘अक्का बरी आहे.’ तेवढ्यावर माझं भागत नाही. हल्ली तर ती पाटीही कंटाळली आहे. जेवायला ये, पाणी आलं, कोणीतरी आलंय, एवढं बोटाने दाखवलं की दिवस निघतो. तिचा दोष नाही. दिवसभर ओरडून बोलायचं म्हणजे माणूस थकतोच.

पत्राला कारण वेगळंच. पुराची गोष्ट लिहितोय असं मागे तुला कळवलं होतं. आपली चांदरी म्हैस दावं तोडून पुरात गेली, ती गोष्ट. कल्याणच्या एका दिवाळी अंकाकडे पाठवली होती, काल परत आली. संपादकांनी समासात लाल शाईने लिहिलंय, ‘म्हैस हंबरत नाही, रेकते. हंबरते ती गाय. आणि एकूणच तुमच्या कथेतली जनावरं शाळेच्या पुस्तकातल्यासारखी ओरडतात. कोंबडा आरवतो, कुत्रा भुंकतो, शेळी बें बें करते. विषय चांगला आहे. ऐकून लिहा आणि १५ ऑगस्टपर्यंत पुन्हा पाठवा.’

ऐकून लिहा! त्यांना काय माहीत, अक्का. सव्वीस वर्षं आनंदनगरच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर उभा राहिलो. डावा कान पुरता गेला, उजव्याला फक्त धक्के कळतात. चिडलो होतो, पण ते खरं बोलले. गोष्ट पुन्हा वाचली तर त्यात एकसुद्धा आवाज मी ऐकून लिहिलेला नव्हता. सगळे शब्द आठवले होते, आवाज एकही आठवला नव्हता. कोंबडा ‘कुकूच कू’ करतो एवढं ठाऊक आहे, पण तो कसा करतो हे माझ्या डोक्यातून पुसून गेलंय.

तू जन्मभर जनावरांत राहिलीस. मला लिहून दे. कोंबडी, शेळी, कुत्रा, आणि मुख्य म्हणजे म्हैस. चांदरी त्या दिवशी कशी ओरडली, तेवढं नीट सांग. गोष्ट सोबत पाठवतोय. चष्मा पुसून वाच.

नातू आकाशला पापा. लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझा,
भगवान

~

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
दि. १७ जून २००७

चि. भगवानास,
अक्काचे जयभीम आणि डोक्यावर हात.

पत्र पोचलं. आमचा पोस्टमन मधु दुसरा मजला चढत नाही, खालूनच हाक मारतो आणि मी एकेका पायरीशी भांडत खाली जाते. तेव्हा यापुढे लांबलचक लिहीत जा, म्हणजे एवढं उतरल्याचं चीज होईल.

संपादकाचं बोलणं मनाला लावून घेऊ नको. लाल शाईला लहानपणापासून तू भितोस. मात्र माणूस हुशार दिसतो. मी सातवी शिकलेली, मला तुमचं लिहिण्यातलं कळत नाही. पण जनावरांचं विचारलंस तर सांगते.

कोंबडीचं बघ. अंडं घालून झालं की ती गवगवा करते, आधी नाही. आधी ती घसा आवळून, कोणाला कळू नये असं काहीतरी स्वतःशीच पुटपुटत कोपरा शोधते. घार दिसली की ती कलकलाट करत नाही, एकच सूर घशात लांब ओढते, आणि सगळी पिल्लं जिथल्या तिथे गप्प होतात. तू घारीच्या वेळी ‘कोंबडी कलकलली’ लिहिलंयस. तिथे पिल्लं गप्प झाली असं लिही. वाचणाऱ्याला कोंबडी आपोआप ऐकू येईल.

शेळी बें बें करते हे खरं, पण सगळ्या शेळ्या एकसारख्या करत नाहीत. आपल्या आईच्या शेळीचा आवाज फुटका होता, तापातल्या पोरासारखा. करडू विकलं की शेळी तीन दिवस हाका मारते. तिसऱ्या दिवशी तिचा घसा बसतो, नुसतं तोंड उघडतं. चौथ्या दिवशी ती चरायला लागते. मला विचारशील तर ते चरणं लिहावं, हाका राहू दे.

कुत्र्याचं म्हणशील तर भुंकणारा कुत्रा कोणीही लिहील. आमचा वाघ्या वीज कडाडली की खाटेखाली शिरायचा. तोंडातून आवाज नाही, पण अंग इतकं थरथरायचं की त्याची नखं फरशीवर टकटक वाजायची. आम्ही त्या टकटकीवरून ओळखायचो की पाऊस मोठा येणार.

आणि एक गोष्ट, तुझ्या उपयोगाची. आवाज सगळा कानातच असतो असं नाही. धार काढताना मी कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवायची, तेव्हा तिच्या पोटातला, घशातला आवाज आधी माझ्या कपाळाला कळायचा आणि मग कानाला. तुला कान नसले तर नसोत, हात आहेत ना?

इथे आता जनावर म्हणून कबुतरं तेवढी. पोट दुखणाऱ्या म्हाताऱ्यासारखी दिवसभर खिडकीत कण्हतात. समोर नवी बिल्डिंग चढते आहे. प्रमोद सकाळी जातो, रात्री येतो. मी आकाशला शाळेत सोडते, आणते आणि बसते. काम नाही तरी दमायला होतं रे, हे मला नवीनच कळलं.

गोष्ट वाचली. बरी आहे. मायाला म्हणावं, चिडचिड करू नको, आणि चिडलीस तर पाटीवर लिही, म्हणजे याला कळेल.
आठवण ठेवणारी,
अक्का

~

उल्हासनगर – ४
दि. २८ जून २००७

आदरणीय अक्कास,
भगवानचा जयभीम. पत्र वाचून दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. वि. वि.

पिल्लं गप्प केली, शेळीला चरायला लावलं, वाघ्याची नखं जशीच्या तशी उचलली. चोरी म्हण. मुलीला, वैष्णवीला, वाचायला दिलं तर तिने पाटीवर लिहिलं, ‘बाबा, आता भीती वाटते.’ सबंध महिन्यात पाटीवर आलेलं सगळ्यात लांब वाक्य.

तुझं ऐकून कॅम्प पाचच्या पलीकडे एका सिंधी शेटचा तबेला आहे तिथे गेलो. म्हशीच्या गळ्याला हात लावू द्या म्हणालो. माझा आवाज मला कळत नाही, बहुतेक ओरडलोच असेन, कारण चार म्हशी आणि दोन भय्ये एकदम वळून बघायला लागले. शेट भला माणूस. मी बहिरा आहे म्हटल्यावर त्याने कागदावर काहीतरी लिहून दिलं, पण ते सिंधी लिपीत, उजवीकडून डावीकडे. मी मान हलवली. मला आता मान हलवायची सवय झाली आहे. मग त्यानेच माझा हात धरून एका म्हशीच्या गळ्यावर ठेवला. थोडा वेळ काही नाही. मग रिकाम्या पिंपावर कोणी तळहात फिरवावा तसं काहीतरी माझ्या बोटांतून कोपरापर्यंत चढलं. अक्का, सहा वर्षांत मला पहिल्यांदा काहीतरी ऐकू आलं. तिथेच शेणात उभा राहून माझे डोळे भरले. शेटला वाटलं म्हशीने पाय दिला.

मान हलवायचं म्हणालो त्यावरून सांगतो. तुला लिहिणार नव्हतो. मागच्या महिन्यात मायाच्या मावसभावाकडे गेलो होतो. तो दारात मला काहीतरी म्हणाला. मी हसून म्हणालो, ‘छान, छान.’ तो त्याची आई त्याच सकाळी गेल्याचं सांगत होता, निरोप आमच्या घरी अजून पोचला नव्हता. त्यानंतर मी कोणाच्या घरी गेलेलो नाही. तुझ्याकडेही येत नाही, ते त्यामुळेच. रागावू नको.

तर आता मुद्द्याचं. तू कोंबडीचं लिहिलंस, शेळीचं, कुत्र्याचं, कबुतराचंसुद्धा लिहिलंस. चांदरीचं लिहिलं नाहीस. गोष्टीचा सगळा भार तिथे आहे. मी लिहिलं होतं, ‘चांदरीने काळीज चिरणारा हंबरडा फोडला आणि दावं तोडून ती पुरात झेपावली.’ आता ते वाक्य मलाच पत्र्याच्या ट्रंकेसारखं पोकळ वाजतं. तबेल्यातल्या म्हशीची हाताला लागलेली थरथर मी तिथे घालू शकतो, पण ती चारा खाऊन सुखी असलेली म्हैस होती. बुडणाऱ्या म्हशीचं मी कुठे जाऊन विचारू? तूच होतीस तिथे.

चार ओळी पुरे. गुडघ्याला तेल लावत जा.
तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
भगवान

~

शिरगाव
दि. ९ जुलै २००७

चि. भगवानास आशीर्वाद.

मावसभावाचं मनावर घेऊ नको. ज्याची आई जाते त्याला लोक काय म्हणतात ते ऐकूच येत नाही. तोही त्या दिवशी बहिराच होता.

म्हशीचं मला लिहायचं नाही. दोन वर्षं झाली त्या गोष्टीला. मोठा पूर होता, पाण्याचा आवाज होता, माणसं ओरडत होती, त्यात कोण कसं ओरडलं हे कोणाला आठवतं? तुला जे शोभेल ते लिही. रेकली लिही, हंबरली लिही. वाचणाऱ्याने कुठे म्हैस पाळली आहे? आणि मला सारखं त्यावरून पत्र टाकू नको. खाली उतरून, पाकीट फोडून, पुन्हा तेच वाचायचा मला वीट आला आहे.

आकाशला ताप होता, उतरला. प्रमोद म्हणतो मामाला सांग, इतकी वर्षं प्रेस चालवला, आता आराम कर, म्हशीच्या मागे कशाला लागलास. मलाही तसंच वाटतं.

स्वतःला जप.
अक्का

~

उल्हासनगर – ४
दि. १६ जुलै २००७

आदरणीय अक्कास,
जयभीम. हे पत्र खालून आणायला लावल्याबद्दल आधीच हात जोडतो.

पुन्हा म्हशीचं विचारणार नाही. गोष्टीतून चांदरी काढून टाकतो. नुसता पूर ठेवतो. बरी होईल, नाही झाली तर नाही. संपादकांना कळवीन.

तुझ्या पत्रातला राग मला ओळखू आला, अक्का. तो माझ्यावरचा नाही. माझ्याकडे तसला एक राग आहे, म्हणून ओळखला. तो आजपर्यंत कोणाला सांगितलेला नाही, मायालाही नाही.

कारखान्यात दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. कानावर डबडी लावून बसवायचे, शिट्टी ऐकू आली की हात वर करायचा. एकोणनव्वद साली मला कळलं की शिट्ट्या कमी येत आहेत. पण समोरच्या काचेत तपासणाऱ्या माणसाचं बोट दिसायचं. त्याने बटण दाबलं की मी हात वर करायचो. बारा वर्षं मी बोट बघून हात वर केला. प्रेसवरून काढून झाडूवर लावतील अशी भीती होती, आणि वैष्णवी लहान होती. एकोणनव्वदलाच खरं बोललो असतो तर निम्मे कान आज शाबूत असते. लोक म्हणतात कारखान्याने कान घेतले. मी मान हलवतो. माझेच कान मीही विकले, हे मी कुठे म्हणत नाही. दरवर्षी त्या खुर्चीवरून उठताना मला हुशारी वाटायची, हे तर मुळीच नाही.

तुझ्यावर काही टाकायला हे लिहिलं नाही. लिहून झाल्यावर थोडं हलकं वाटलं, आणि तुझ्याशिवाय टाकायचं तरी कुणाच्या दारात.
धाकटा,
भगवान

~

शिरगाव
दि. २७ जुलै २००७

चि. भगवानास,
तुझ्या अक्काचे आशीर्वाद.

काल सव्वीस तारीख होती. सकाळपासून कोणाशी बोलले नाही. प्रमोदला वाटलं गुडघे दुखतात. आज तो कामावर गेल्यावर लिहायला बसले आहे. एकदाच लिहिते, पुन्हा वाचणार नाही, चुका तू काढ.

चांदरीने दावं तोडलं नाही.

त्या दिवशी दुपारी चारला नदीचं पाणी गोठ्याच्या उंबऱ्याशी आलं. असं पूर्वीही दोनदा आलं होतं आणि उतरलं होतं. प्रमोद अंधेरीला अडकलेला. घरात सून, आकाश दोन वर्षांचा, आणि मी. शेजारच्या हरिचंद्राने हाक मारली की आमच्या गच्चीवर या, पक्कं घर आहे. सून पोराला घेऊन गेली. मी कपाटातले कागद, बाबासाहेबांचा फोटो, शिलाई मशीन असं एकेक वर नेलं. शेवटी गोठ्यात गेले. पाणी घोट्याला होतं. चांदरी शांत उभी. मला वाटलं, हिला सोडली तर पाण्यात भरकटेल, मग अंधारात कुठे शोधू? त्या आधीच्या वर्षी हरिचंद्राचीच एक म्हैस पावसात सुटून तीन दिवस सापडली नव्हती. म्हणून मी वाकले आणि दाव्याला वरून दुसरी गाठ मारली. घट्ट. ओढून पाहिली. तिच्या पाठीवर थाप मारली आणि गेले.

पाऊण तासात पाणी कमरेच्या वर गेलं. तसं मी कधी पाहिलं नव्हतं. मी जिना उतरायला लागले तेव्हा हरिचंद्राने माझं मनगट धरलं. तो म्हणाला की द्रौपदीबाय, जाऊ नको, ओढ मोठी आहे, आकाशला कोण बघेल. मी ओढाओढ केली का? केली असं सांगायला मला आवडेल. थोडी केली. मग उभी राहिले.

तू आवाज विचारलास. तू हंबरडा लिहिलास, काळीज चिरणारा. तसा असता तर बरं झालं असतं रे. तसा आवाज माणसाला सोसतो, कारण तो सगळ्यांनाच ऐकू येतो.

साडेपाच वाजले होते. रोजची धारेची वेळ. तिचं रेडकू आधीच गेलं होतं, त्यामुळे ती माझ्याच हाताला पान्हा सोडायची, आणि मला उशीर झाला की गोठ्यातून हाक मारायची. तोंड मिटून, नाकातून. मोठी नाही. ‘हं’ म्हणावं तर तसं नाही, ‘ओं’ म्हणावं तर तसंही नाही, दोन्हींच्या मधलं, आणि शेवटाला थोडं वर जाणारं, आपण ‘येतेस ना?’ विचारतो तसं. ती हाक तिने मारली. घाबरलेली नाही, रागावलेली नाही. रोजची. तिला वाटलं मला उशीर होतोय. पाणी तिच्या छातीपर्यंत असेल आणि ती मला धारेला बोलावत होती.

सहा वेळा. मग मान वर काढून मारल्यासारखी एक, आखूड. त्यानंतर पाण्याचाच आवाज.

सकाळी पाणी उतरलं तेव्हा मी गोठ्याकडे गेलेच नाही. हरिचंद्र वर येऊन म्हणाला की म्हैस दावं तोडून गेली. सगळ्यांना तो तेच सांगत होता. मी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मीही तेच सांगायला लागले. तुला सांगितलं, तू त्याची गोष्ट केलीस. ती गाठ मी मारली होती, मला ठाऊक आहे ती तुटणारी नव्हती.

लोक म्हणतात अक्का पुरानंतर नदीकाठ सोडून शिरगावला गेल्यापासून गप्प झाली. साडेपाच वाजता मी टीव्ही मोठा लावते. म्हणून प्रमोद ओरडतो.

तुझं बोट बघून हात वर करण्याचं वाचलं. तेव्हा तुला घर चालवायचं होतं. मी तुला दोष देत नाही. आपण दोघांनी आपापल्या परीने शहाणपण केलं.

हात दुखला. आता थांबते.
अक्का

~

उल्हासनगर – ४
दि. १२ ऑगस्ट २००७

आदरणीय अक्कास,
भगवानचा जयभीम.

काय लिहावं हे कळेना म्हणून पंधरा दिवस गेले. तू गाठ मारलीस ती चांदरी हरवू नये म्हणून मारलीस, हे मी लिहू शकतो, आणि ते तुला माहीत आहे, आणि त्याने काही होत नाही हेही आपल्या दोघांना माहीत आहे. म्हणून ते लिहीत नाही. पत्र मायाला वाचायला दिलं, याबद्दल रागावशील तर रागाव. ती वाचून पाटी शोधायला गेली नाही. माझ्याजवळ बसली आणि माझ्या हातावर बोटाने एकेक अक्षर काढत गेली, ‘अक्कांना एकटं ठेवू नका.’ मला प्रत्येक अक्षर कळलं.

गोष्ट पुन्हा लिहिली. हंबरडा काढला. रेकणंही काढलं. संपादकांनी सांगितलेला शब्द बरोबर आहे, पण तिथे तोही खोटा वाटतो. तुझं ‘हं’ आणि ‘ओं’च्या मधलं घालून पाहिलं, तर कागदावर ते पोरखेळ दिसायला लागलं. चार दिवस मी त्या एका ओळीपाशी बसून होतो. शेवटी गोष्टीच्या सुरुवातीला, पूर यायच्या कितीतरी आधी, एका साध्या संध्याकाळी बाई शेजारणीशी गप्पा मारत बसली आहे आणि गोठ्यातून म्हैस तिला धारेला बोलावते, ती ‘आले गं बाई’ म्हणून उठते, एवढा प्रसंग लिहिला. तिथे हाकेचं सगळं वर्णन केलं, तुझ्याच शब्दांत. आणि पुराच्या जागी फक्त एवढंच ठेवलं : ‘साडेपाच वाजले. चांदरीने रोजची हाक मारली.’

पुढे काही लिहवलं नाही. लिहायची गरजही वाटली नाही.

गाठ लिहिली आहे. हरिचंद्राने मनगट धरलं तेही. नावं बदललेली नाहीत, कारण बदलली की वाक्य लटकं पडतं. पण ही गोष्ट माझी नाही. तू नको म्हणालीस तर ही प्रत चुलीत घाल, माझ्याजवळची मी फाडतो. संपादकांची तारीख जाईल, जाऊ दे. दिवाळ्या पुष्कळ येतात.

तू सांगशील तसं.
भगवान

~

शिरगाव
दि. २ सप्टेंबर २००७

चि. भगवानास,
अक्काचे जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझी गोष्ट वाचली आणि ट्रंकेत टाकली. पावसाळ्यातला वर्षावास चालू आहे, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन माझ्याकडे आहे. तिथल्या चांगुणाबाई म्हणतात माझा आवाज वाचनाला चांगला आहे. काल वाचून झाल्यावर मनात आलं, हजार वेळा बसून दुसऱ्यांचं लिहिलेलं मोठ्याने वाचते, आणि माझ्या भावाने माझं लिहिलंय ते मोठ्याने वाचायला माझी छाती होत नाही. मग आज रिक्षा केली आणि नदीकडे गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

आपलं घर पाडून टाकलंय, गोठ्याच्या जागी कोणीतरी विटा रचून ठेवल्यात. हरिचंद्राच्या पडवीत बसले. त्याची बायको तुळशी चहा टाकायला गेली. मी म्हटलं, माझ्या भावाने गोष्ट लिहिली आहे, तुम्ही दोघं ऐका, आणि नको वाटलं तर मला थांबवा. वाचायला लागले. तुळशी चहाचं भांडं हातात घेऊन दारात आली ती तिथेच उभी राहिली. गाठीपाशी मी कागद खाली ठेवला. घोटभर पाणी प्यायले आणि पुढे वाचलं. साडेपाचच्या ओळीला हरिचंद्राने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

संपल्यावर मी कागदांची घडी घातली. मी उठायला लागले, म्हटलं चुकलं असेल तर माफ करा. तेव्हा तो बोलला. त्याच्या आगरी बोलीत बोलला, मी तुझ्यासाठी जमेल तसं लिहिते. तो म्हणाला की द्रौपदीबाय, दावं मीच कापलं. सकाळी उजाडायच्या आत तो आणि त्याचा मुलगा भावेश खाली उतरले होते. चांदरी खुंट्यालाच होती. मी वरून तिला तशी बघू नये म्हणून त्याने कोयत्याने दावं कापलं, दोघांनी तिला ओढून नदीच्या बाजूला नेलं, आणि मग वर येऊन मला तोडून गेल्याचं सांगितलं. दोन वर्षं त्याने ते तुळशीलाही सांगितलं नव्हतं. तिच्याकडे बघून मला तेव्हाच कळलं.

मी म्हटलं, तुझे उपकार आहेत. तर तो मान हलवत राहिला. म्हणाला, उपकार कसले. ‘तुजा मनगट धरला, पन पानी माज्या कंबरंला व्हता, छातीला नाय.’ तो माझ्याहून हातभर उंच. कोयता गच्चीवरच होता. तो उतरला असता, पंचवीस पावलं गेला असता, तर चांदरी सुटली असती. तो भ्याला. सहा हाका त्यानेही मोजल्या होत्या, सातवी आखूड होती हे त्यालाही माहीत होतं. तेव्हापासून तो संध्याकाळची धार काढत नाही, सून जिज्ञासा काढते. घरात सगळ्यांना सांगितलंय की बोटं आखडतात.

भगवान, दोन वर्षं मला वाटत होतं की ती हाक फक्त मला मारली होती.

मग आम्ही तिघं चहा प्यायलो, निवलेला. तुळशी नवऱ्यावर रागावली की इतके दिवस मला का नाही सांगितलं, आणि रागावता रागावता माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. साडेपाच वाजले तेव्हा आम्ही पडवीतच होतो. मागच्या गोठ्यात त्यांच्या म्हशींपैकी एक ओरडली. कोणी टीव्ही लावला नाही.

जाताना हरिचंद्र रिक्षापर्यंत आला. तुझं विचारत होता. तू बहिरा झाल्यापासून कुठे येत-जात नाहीस हे मी सांगितलं. तो म्हणाला की घेऊन ये त्याला एखाद्या रविवारी, माझ्या म्हशी आहेत, हवा तेवढा हात लावू दे, आणि बोलायचं म्हणशील तर मला तरी कुठे फार बोलायचं असतं. तेव्हा तू यायचं आहेस. मायाला आणि वैष्णवीला घेऊन. कोणी ओरडून बोलणार नाही, कोणी बोललं आणि तुला कळलं नाही तर मान हलवायची नाही, कळलं नाही असं म्हणायचं.

गोष्ट छापायला दे. तारीख गेली असेल तर त्या संपादकाला माझं नाव सांगून पत्र लिही की बहिणीच्या गुडघ्यांमुळे उशीर झाला. त्याला लाल शाईने काय लिहायचं ते लिहू दे.

मी हरिचंद्राला विचारलं, नाव बदलायचं का, गच्चीवर दुसरा कोणी माणूस दाखवायचा का, की भगवान तुला खाली उतरवून दोन पावलं तरी चालायला लावेल, गोष्टच तर आहे. त्याने बराच विचार केला. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मग म्हणाला, ‘नाव नको बदलू म्हनावं. मी गच्चीवर उभा व्हतो, तसाच उभा ठेव.’

वाट बघते.
तुझी,
अक्का